सतरा नंबरचे पांढरे दाणे

पाहुण्यांनी जांभळा दिवा लावला आणि सगळ्यात आधी माझा सदरा पेटला. जाळ नव्हता, ऊब नव्हती. काळोखात नुसता सदरा उभा आहे आणि आत माणूस नाही, असं निळसर पांढरं काहीतरी माझ्या जागी होतं. मी दचकून मागं सरलो तसं हातातलं ताट हललं. "काका, ताट सांभाळा," मॅडम म्हणाल्या. "कपडे धुवायच्या पावडरीत काहीतरी असतं, त्यानं तसं दिसतं." बोलताना त्यांच्या दातांची तेवढी ओळ दिसली, बाकीच्या मॅडम कुठेच नव्हत्या. माझी नखं उजळली होती. शेतकी संस्थेतल्या या खोलीची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला आहे, खिडकीच्या काचांना काळा कागद मीच डकवला, पण आत दिवा लागलेला असताना मला कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ताट धरायला तिसरा माणूस हवा होता म्हणून बोलावलं. मग पाहुण्यांनी दिवा खाली घेतला, माझा सदरा विझला, आणि ताटातल्या भरडलेल्या मक्यात एकेक ठिपका जागा होऊ लागला. हिरवट पिवळा, हात लावला तर ओला लागेल असा. आधी चार दिसले, डोळे सरावले तसे दहा, वीस, मग मोजायचं सुटलं. माझं वय सत्तरीला टेकलं आहे. मी उधाणाचा समुद्र पाहिला आहे, चार मजली गोदामाला लागलेली आग पाहिली आहे. पण धान्याच्या पोटात असं काही वस्तीला असेल आणि दिव्यानं हाक मारली की ते ओ देईल, हे मला ठाऊक नव्हतं. ज्या दाण्यांत मी आयुष्यभर हात घातला ते दाणे खालून माझ्याकडे बघत होते.

समुद्रापलीकडून आलेले पाहुणे त्यांच्या भाषेत हळूहळू सांगत होते आणि मॅडम ते मला आपल्या भाषेत करून देत होत्या. देण्याची गरज नव्हती, ताट धरणाऱ्याला कोण सांगतं, पण मॅडमचा स्वभाव तसा. ही बुरशी, काका. कणीस शेतात उभं असतानाच शिरते. तिचं विष नाकाला कळत नाही, शिजवून जात नाही. लहान मुलांची वाढ त्यानं खुंटते असा संशय आहे. ती जिथं राहून गेली तिथं बहुतेक वेळा असं चमकतं. चमकला तो प्रत्येक दाणा वाईटच असं नाही आणि न चमकणारा चांगलाच असंही नाही, नक्की काय ते रसायनं घालून कळतं, पण दिवा बोट दाखवतो. "म्हणजे चुगलखोर म्हणायचा," मी म्हटलं. मॅडम हसल्या, पाहुण्यांनी विचारलं असावं काय म्हणतो हा, त्यांना सांगितल्यावर तेही काळोखात हसले. मग मॅडमनी त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, आणि मॅडमचे दात दिसेनासे झाले. मग त्या म्हणाल्या, "सतरा नंबर आहे हा. आज सकाळी त्यांनी स्वतः शेतावर जाऊन कणसं तोडून आणलीत."

सतरा नंबर काय चीज आहे हे आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत होतं. पाच देशांनी मिळून काढलेलं काम. मक्याच्या त्याच चोवीस जाती पाचही देशांत पेरायच्या, पीक निघालं की प्रत्येक जातीचा एक किलोचा नमुना पिशवीत भरून समुद्रापलीकडे पाहुण्यांच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि तिथं एकाच यंत्रावर सगळ्यांचं विष मोजायचं. तेवीस जाती पिवळ्या नाहीतर तांबूस. सतरा तेवढा पांढरा. दोन वर्षं हे चाललं आणि दोन्ही वर्षं आमचा सतरा जवळजवळ निर्मळ निघाला. आणखी एका देशाचाही निघाला. उरलेल्या तिघांचा निघाला नाही, पण तिथं पावसानं ओढ दिली होती, कणसं उशिरा तोडली होती, अशी कारणं सापडली. दोन देशांत दोन वर्षं बुरशीला दाद न देणारा मका म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. त्याचं बियाणं तयार करून ठेवलं होतं. पुढच्या हंगामापासून त्याच मक्याचं पीठ पाच वर्षांखालच्या मुलांना वाटायचं ठरत आलं होतं, आणि शेवटचा होकार उद्या दुपारी बारा वाजता पडद्यावरच्या बैठकीत व्हायचा होता. पाहुणे हिशेबी माणूस; होकार देण्याआधी झाड डोळ्यांनी पाहायला आले होते. मॅडम म्हणत होत्या, एखाद्या कोपऱ्यातली कणसं किडकी असतील, किड्यानं भोक पाडलं की बुरशी शिरतेच, एका ताटावरून काय ठरवणार. पाहुणे मान हलवत होते. दोघांनाही कोडं पडलं होतं. मला पडलं नव्हतं. त्या खोलीत, किंवा पाच देशांत म्हणा, उत्तर सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि माझ्या हातातलं ताट एकाएकी जड झालं. कारण नमुन्याच्या पिशव्या मी भरत होतो.

लोकांना वाटतं हात डोक्याचं ऐकतो. माझा ऐकत नाही. मी गोदामात हमाल होतो. पाठ गेली तेव्हा मुकादमानं मला घरी न धाडता निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत बसवलं. शेजारीच माझी बायको. बायका म्हणायच्या, "नवरा सुनेसारखा बसलाय बघ, पदर तेवढा द्या त्याला." मी मान खाली घालून निवडायचो. पहिले सहा महिने बायको माझ्या ताटातनं मी सोडलेला डागी दाणा उचलून माझ्या मांडीवर टाकायची, काही न बोलता. मग एक दिवस टाकायला तिला काही सापडलं नाही. तेव्हापासून हे दोन बोटांचं काम माझ्याकडे आहे. दाणे समोर आले की अंगठा आणि तर्जनी निघतातच; काळपट, सुरकुतलेला, टोकाला गुलाबी धुरकटलेला दाणा उचलून बाजूला. गप्पा मारताना, भांडताना, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. इथं नमुनाखोलीत मला लावलं तेव्हा भिंतीवर कागद होता: नमुना निवडू नये, जसा आला तसा भरावा. तो कागद मी कितीदा वाचला असेन. मला अक्षर आलं एक्कावन्नाव्या वर्षी, मुलीनं शिकवलं, त्यामुळे भिंतीवर काही दिसलं की ते वाचून काढल्याशिवाय मला राहवत नाही. मोठ्यानं वाचायचो, पाठही होता. पण डोळ्यांनी वाचलेलं बोटांपर्यंत पोचायला माणसाला लहानपण लागत असावं. कागदाखालीच बसून, तो कागद गुणगुणत, मी निवडत होतो. पिवळ्यात, तांबड्यात डाग लपतो, माझ्या डोळ्यांना तर आता फारच. पांढऱ्यात लपत नाही. किलोमागे मूठभर निघायचे, ते मी केराच्या डब्यात टाकायचो, आणि पिशवीला दोरा बांधताना मनाला बरं वाटायचं की परक्याच्या दारी जायचं धान्य आहे, आपली लाज राहिली.

संस्थेतून घर चालत वीस मिनिटं. त्या दिवशी किती लागली कोण जाणे. उन्हं होती, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, आणि ज्याच्या त्याच्या अंगावरचा पांढरा कपडा मला आतून पेटता वाटत होता. दोन बोटं. एवढ्याशा दोन बोटांनी मी समुद्र ओलांडून एका यंत्राला खोटं बोलायला लावलं होतं. त्या यंत्राजवळ कुणीतरी माझी पिशवी उघडली असेल, दोरा कापला असेल, आणि यात जे आहे ते त्या शेतात होतं असं धरून चाललं असेल. पिशवीबरोबर नाव नाही, चेहरा नाही, नुसता आकडा, आणि पलीकडच्यानं विश्वास ठेवायचा. पाच देशांतली माणसं, एकमेकांची भाषा न येणारी, आणि ही सगळी एवढ्याशा दोऱ्यावर टांगलेली. मला भीती वाटायला हवी होती. वाटत होतीही. पण भीतीच्या वर, पाण्यावर तेल तरंगावं तसं दुसरं काहीतरी तरंगत होतं. देवळात पहिल्यांदा उचलून नेलेलं मूल वर घुमटाकडे बघतं तसा मी या गोष्टीकडे बघत होतो, आणि घुमटाला तडा मीच पाडला होता.

आणि त्याच्याही खाली ती दुसरी गोष्ट होती, जिच्याकडे मी बघत नव्हतो. गोदामात निवडून काढलेल्याला आम्ही मातेरं म्हणायचो. मातेरं घरी न्यायची मुभा होती. मुकादम भला माणूस. मूल लहान आहे म्हणून आम्हाला जरा जास्त द्यायचा. बायको ते पाखडून, धुऊन, भरडून शिजवायची. मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात विकतचं धान्य क्वचित आलं. मुलगी आता बेचाळीसची आहे, तिचं डोकं जेमतेम माझ्या खांद्याला लागतं. लहानपणी सगळे तिला बुटकी म्हणायचे, अजून म्हणतात, तीही हाक मारली की ओ देते. मला नेहमी वाटायचं, माझी आई ठेंगणी होती, तिच्यावर गेली.

बुटकी दवाखान्यात काम करते. लहान मुलांची वजनं, उंची घेते, वहीत लिहिते. त्या संध्याकाळी ती आली तेव्हा मी ओसरीत बसलो होतो. "बाबा, दिवा नाही लावला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नको लावूस. आधी ऐक." आणि सगळं सांगितलं. दिव्याचं, सतराचं, दोन बोटांचं. मातेऱ्याचं सांगणार नव्हतो, पण तोंड सुरू झालं की थांबत नाही.

ती बराच वेळ पिशवीतून भाजी काढून ठेवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या उंचीचं मातेरं झालं म्हणायचं."

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू? चांगलंचुंगलं घातलं असतंत तर खांबावरचे दिवे पुसायला गेले असते. दवाखान्यात कुणी घेतलं नसतं, दाराला डोकं लागलं असतं." ती माझ्यासमोर येऊन बसली. "तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही."

"आईला?"

"तिला माहीत असतं तर तिनं उपाशी ठेवलं असतं, पण ते घातलं नसतं."

"मग झालं तर."

झालं नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. तिनं माझा उजवा हात घेतला, उलटा करून अंगठ्याजवळचा घट्टा पाहिला, पोरांचे हात बघते तसा. "मॅडमचं काय होईल?" मी विचारलं. मला नमुनाखोलीत मॅडमनी लावलं होतं. याच कामासाठी मॅडमनी लग्न लांबवलं, मग ते झालंच नाही, असं संस्थेत बोलतात. दोन वर्षांची त्यांची वही माझ्या एका वाक्यानं केरात जाणार होती. मी गप्प बसलो तर काही होणार नव्हतं. एक ताट चमकलं, किडकं कणीस असेल, होकार झाला असता.

"ते पीठ कुठं यायचंय, माहीत आहे ना?" बुटकी म्हणाली. "आमच्या दवाखान्यात. चमच्यानं मोजून आयांच्या डब्यात मीच घालणार. ताई, हे चांगलं आहे ना, असं त्या विचारतील. रोज विचारतात. मी काय सांगू?"

ती उठून भाजी चिरायला गेली. सांगा किंवा सांगू नका, असं काही ती म्हणाली नाही. आतून सुरीचा आवाज येत राहिला, सावकाश.

सकाळी मॅडमच्या खोलीत पाहुणे आधीच बसले होते, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते म्हणून तिरके. मॅडमच्या समोर आकड्यांचे कागद पसरलेले. मी उभ्या उभ्या सांगितलं. मध्येच थांबलो असतो तर राहिलं असतं, म्हणून एका दमात. मॅडमनी विचारलं, "किती काढत होतात?"

"किलोमागे मूठ. कधी कमी."

"सगळ्या नंबरांतून?"

"हात सगळ्यांतून फिरायचा. पण डाग पांढऱ्यातच दिसतो, मॅडम."

त्यांनी डोळे मिटून घेतले. कारकून दार उघडून आत डोकावला आणि काय दिसलं कोण जाणे, तसाच मागे गेला. "दोन वर्षं, काका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "भिंतीवर कागद होता."

"होता. वाचत होतो."

पाहुणे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांना आमचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि मला त्यांचं कळत नव्हतं. मध्ये फक्त मॅडम. माझ्या ध्यानात आलं की मी सांगितलं म्हणजे काही झालेलं नाही. मॅडमनी त्यांना सांगितलं, की म्हातारा रजा मागतोय, तर ते मान डोलावतील, बारा वाजता होकार होईल, आणि मला कधी कळणारही नाही. मॅडमच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी टेबलावरची टोचणी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी त्यांच्याकडे न बघता पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग मॅडम बोलू लागल्या. लांबलचक बोलल्या. पाहुण्यांचा चेहरा आधी तसाच होता, मग कपाळाची कातडी वर सरकली, आणि त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की या बाईनं सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचा दिवा राहू द्या. माणसाच्या आत काय चमकतं ते मी त्या खोलीत, भरदिवसा पाहिलं.

पाहुणे ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, कालच्या शेतावरच्या दाण्यांची पिशवी आणून त्यांनी माझ्यापुढं कागदावर ओतली आणि हातानं खूण केली, करा. माझी बोटं निघाली. ते वाकून बघत राहिले. त्यांनी घड्याळ लावलं होतं, पण मग घड्याळाकडे बघायचं विसरले. माझी मूठ भरली तेव्हा त्यांनी तीतला एक दाणा घेतला, प्रकाशाकडे धरला आणि मॅडमना काही म्हणाले. "ते विचारतात, हा का काढलात? त्यांना तर हा चांगला दिसतो." मी टोकाशी नख लावून दाखवलं. धुरकट गुलाबी, केसाएवढं. त्यांनी भिंग काढलं. भिंगातून बघितलं आणि तो दाणा परत माझ्या मुठीत ठेवला.

मग मी विचारायचं ते विचारलं. मॅडमना म्हटलं, "त्यांना विचारा, हे लहानपणी खाल्लं तर मुलाची उंची खुंटते का?" मॅडमनी चमकून माझ्याकडे पाहिलं, बुटकी त्यांच्या ओळखीची आहे. त्यांनी विचारलं. पाहुण्यांनी भिंग मिटलं, खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं. "ते म्हणतात, त्यांना तसं वाटतं. पण नक्की माहीत नाही. वीस वर्षं मुलं मोजतायत, अजून नक्की नाही. नक्की असतं तर सांगितलं असतं, म्हणतात." एवढा शिकलेला, एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि माझ्यासमोर मला माहीत नाही म्हणाला. मला वाईट वाटलं आणि आधारही वाटला. दोन्ही एकदम वाटतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बारा वाजता बैठक. मला मॅडमनी बाहेर जाऊ दिलं नाही, मागच्या खुर्चीवर बसवलं. भिंतीवरच्या पडद्यात चार चौकोन, चार देश, प्रत्येकात दोनतीन माणसं. कुणाकडे सकाळ होती तर कुणाच्या खिडकीत अंधार. मॅडम उभ्या राहून बोलल्या. आमच्या सतराचे आकडे धरू नका, ते नमुने निवडलेले होते, हे त्यांनी त्या भाषेत सांगितलं असणार, कारण चारही चौकोन एकदम स्तब्ध झाले. एकानं चष्मा काढला. मला वाटलं, आता विचारतील कुणी निवडले, आणि मी उभं राहायची तयारी केली. कुणी विचारलं नाही. मग ज्या दुसऱ्या देशाचा सतरा आमच्यासारखाच निर्मळ निघाला होता, तिथले साहेब बोलू लागले. हात हलवत, ठासून. मॅडम वळून मला पुटपुटल्या, "ते म्हणतात, आमचा तरी खरा आहे. त्यावर बियाणं देऊ या."

साहेबांच्या मागे भिंतीला टेकून एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, डोक्याला फडकं, अंगावर ढगळ डगला. इतका वेळ ती मला कपाटासारखी वाटली होती. ती पुढं आली. साहेबांच्या खांद्याला तिनं बोट लावलं. ते बोलतच राहिले, तिनं पुन्हा लावलं. ते वळले, तिनं खाली मान घालून काहीतरी सांगितलं. त्यांना कळेना. ते तिला दोनदा विचारत होते आणि ती दोनदा तेच सांगत होती. शेवटी तिनं उजवा हात उचलून सगळ्यांना दिसेल असा समोर धरला, अंगठा आणि तर्जनी जुळवली, आणि हवेतला एक दाणा उचलून बाजूला टाकला. मग आणखी एक. कसा टाकावा, मनगट किती वळवावं, सगळं माझ्या बायकोसारखं.

मॅडमनी भाषांतर करायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "राहू द्या मॅडम. कळलं."

पाहुण्यांनी पेन घेऊन कागदावर सतरा नंबरासमोरचे सगळे आकडे, दोन्ही वर्षांचे, एका रेघेनं खोडले आणि वर काहीतरी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून, असं लिहिलं आहे. पडद्यातली बाई अजून हात तसाच धरून उभी होती. तिचे साहेब खाली बघत होते, आणि ती समोर, कुणाकडे तरी. मी खुर्चीवरून उठलो, मॅडमच्या पुढं जाऊन उभा राहिलो, आणि दोन बोटं जुळवून माझा हात वर केला.